कौतुकाची कक्षा

एखाद्या माणसाला जगातील प्रत्येक गोष्ट आश्चर्यकारक वाटत असेल, तर त्याला भाबडा म्हणावे की शहाणा? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सद्गुणांच्या गणनेत धैर्य, संयम, औदार्य, सत्यनिष्ठा यांना स्थान असते, विस्मयाला नसते. विस्मय ही तत्त्वज्ञानाची पहिली पायरी आहे असे प्लेटोच्या काळापासून म्हटले जाते खरे, पण पायरी ही ओलांडण्यासाठी असते. तिच्यावर मुक्काम करणारा माणूस बहुधा हास्यास्पद ठरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक दूरचित्रवाणी-निवेदक दोन दशकांहून अधिक काळ या पायरीवर ठाण मांडून राहिला. त्याची थट्टाही पुष्कळ झाली. आणि तो गेल्यावर त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांत ज्यांनी थट्टा केली होती तेही होते. या माणसावर लोकांनी इतके प्रेम का केले, आणि ते प्रेम सार्थ होते का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. विचार करण्याजोगा आहे तो दुसरा.

ह्यूएल हाउझर यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९४५ रोजी टेनेसी राज्यातील गॅलटिन या लहानशा गावी झाला. 'ह्यूएल' हे नाव म्हणजे वडिलांचे हॅरल्ड आणि आईचे ज्युएल या दोन नावांची जोडणी. टेनेसी विद्यापीठात ते विद्यार्थिसंघाचे अध्यक्ष होते. काही काळ त्यांनी मरीन दलात काढला, काही काळ सेनेटर हॉवर्ड बेकर यांच्या कार्यालयात. नॅशव्हिल आणि न्यूयॉर्क येथे दूरचित्रवाणीवर काम करून १९८१ साली ते लॉस एंजलिसला आले. तेथे प्रथम एका व्यापारी वाहिनीचे वार्ताहर म्हणून आणि पुढे केसीईटी या सार्वजनिक वाहिनीवर ते दिसू लागले. १९९१ साली त्यांनी 'कॅलिफोर्नियाज गोल्ड' ही मालिका सुरू केली. कॅलिफोर्नियाचे सोने! राज्याच्या कानाकोपऱ्यांत जायचे, तेथील एखादी जागा, एखादा व्यवसाय, एखादा माणूस पाहायचा आणि दाखवायचा, एवढाच तिचा विषय. राज्याबाहेर हाउझर यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. ७ जानेवारी २०१३ रोजी पाम स्प्रिंग्ज येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते.

मराठी वाचकाला सार्वजनिक वाहिनी म्हटले की १९७२ साली सुरू झालेले मुंबई दूरदर्शन आणि 'आमची माती, आमची माणसं' यांसारखे कार्यक्रम आठवतील. अमेरिकेतील व्यवस्था वेगळी आहे. तेथील सार्वजनिक वाहिनी सरकारी नसते आणि व्यापारीही नसते. १९६७ च्या कायद्याने तिला केंद्रीय निधीचा आधार मिळाला. पण तिचा मोठा भार प्रेक्षकांच्या ऐच्छिक वर्गणीवर आणि संस्थांच्या देणग्यांवर राहिला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो केंद्रीय निधीही रद्द केला. अशा वाहिनीवरील प्रवासवर्णनकाराला हॉटेले आणि विमानकंपन्या यांची भलावण करण्याचे कारण नसते. त्याचबरोबर त्याच्याजवळ पैसाही नसतो. हाउझर यांच्या कार्यक्रमाची सगळी घडण या दोन अभावांतून झाली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ती घडण अशी. एक कॅमेरा, एक छायाचित्रक, आणि हाउझर यांच्या हातात एक मायक्रोफोन. मागे सजवलेला मंच नाही, आधी लिहिलेली संहिता नाही. काळा चष्मा घातलेले, आखूड बाह्यांच्या सदऱ्यातले हे धिप्पाड गृहस्थ एखाद्या कारखान्यात, बागेत, जुन्या उपाहारगृहात शिरत. समोर येईल त्याला प्रश्न विचारीत. आणि उत्तर ऐकून आपल्या दक्षिणी हेलात उद्गारत की हे तर अद्भुतच आहे. मग मागे वळून लुईस फुएर्टे या आपल्या छायाचित्रकाला हाक मारीत : "लुई, हे जरा बघ!" कॅमेरा वळे. दृश्ये लांबलचक असत, कात्री क्वचितच लागे. प्रश्न बहुधा लहान मुलाचे असत. हे कशाचे केले आहे? तुम्ही हे किती वर्षे करता आहात? रोज करता? कंटाळा येत नाही? गोल्डन गेट पुलाचा कार्यक्रम करतानाही ते आकड्यांपाशी फार रेंगाळले नाहीत. पुलाची देखभाल करणाऱ्या कामगारांबरोबर मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत चढून गेले. पूल कोणी कल्पिला हे पुस्तकांतून कळते. त्याच्या माथ्यावर वारा कसा लागतो हे तेथे रोज जाणाऱ्यालाच माहीत असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायी भाव. त्याची कारणे म्हणून भरताने जी यादी दिली आहे ती मोठी उदात्त आहे : दिव्य जनांचे दर्शन, इच्छित मनोरथाची प्राप्ती, उपवने, देवालये, सभागृहे, विमाने, माया, इंद्रजाल. अद्भुत म्हणजे नित्याच्या पलीकडचे. त्याचे अनुभाव मात्र कोणाही माणसाच्या चेहऱ्यावर दिसतील असे आहेत : डोळे विस्फारणे, टक लावून पाहणे, रोमांच, अश्रू, आणि साधुवाद, म्हणजे 'वाहवा' म्हणणे. हाउझर यांच्या ठिकाणी हे सगळे अनुभाव जसेच्या तसे दिसतात. बदलली आहेत ती कारणे. विमाने आणि इंद्रजाल यांच्या जागी डबे भरणारे यंत्र, निऑनच्या पाट्या दुरुस्त करणारा कारागीर, आणि एका गाजलेल्या भागात तर आवडीने ॲव्होकाडो खाणारा एक कुत्रा! रसशास्त्राच्या दृष्टीने हा रसाभासच म्हणावा लागेल. आलंबन क्षुद्र आणि भाव उत्कट, अशी ही विसंगती. तिच्यातून हास्य निर्माण व्हावे यात नवल नाही, आणि ते झालेही. नकलाकारांना हाउझर यांच्यासारखे सोपे गिऱ्हाईक दुसरे नव्हते.

थट्टेच्या मागे एक गंभीर आक्षेप दडलेला आहे. जो प्रत्येक गोष्टीला अद्भुत म्हणतो त्याच्या शब्दाला काय किंमत? स्तुती ही निवडीतून अर्थपूर्ण होते. ज्या परीक्षकाने सगळ्याच विद्यार्थ्यांना पहिला क्रमांक दिला, त्याने कोणालाच काही दिलेले नसते. देकार्तने १६४९ साली प्रसिद्ध केलेल्या भावनाविषयक ग्रंथात विस्मयाला सर्व भावनांत पहिले स्थान दिले. परंतु त्याच ठिकाणी त्याने इशाराही दिला आहे. अतिरेकी विस्मय बुद्धीला गोठवतो, आणि जे लोक केवळ थक्क होण्यासाठी नवलाच्या वस्तू शोधत हिंडतात त्यांना त्या वस्तू जाणून घ्यायच्याच नसतात, असे त्याचे म्हणणे. विस्मय हा ज्ञानाकडे नेणारा असेल तर तो उपयुक्त. नुसताच सवयीचा असेल तर तो एक व्याधी. या निकषावर हाउझर यांना उत्तीर्ण करणे कठीण आहे. त्यांच्या कार्यक्रमातून माहिती मिळते, पण ती मिळवणे हा त्यांचा हेतू नाही. कित्येकदा तर ते तज्ज्ञाच्या स्पष्टीकरणाच्या मध्येच उद्गारतात आणि स्पष्टीकरण अर्धवट राहते. हा त्यांचा दोष खराच.

तरीही हा आक्षेप जरा बाजूला पडल्यासारखा वाटतो, कारण हाउझर यांचा उद्गार हा वस्तूविषयीचा निर्णय आहे असे त्यात गृहीत धरले आहे. त्या उद्गाराचे स्थान पाहिले तर वेगळेच काही लक्षात येते. तो बहुतेक वेळा वस्तू पाहिल्यावर येत नाही. माणूस बोलल्यावर येतो. नळजोडणी करणारा आपल्या हत्याराविषयी दोन वाक्ये बोलतो, आणि मग 'अद्भुत' हा शब्द येतो. त्यानंतर तो नळजोडणारा आणखी चार वाक्ये बोलतो, जी त्याने कदाचित कधीच कोणाला सांगितली नसतील. कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते. उद्गार हा येथे निकाल नसून एक प्रकारची मुभा आहे. पुढे बोला, मी ऐकतो आहे, असा तिचा अर्थ. कुत्र्याच्या त्या भागातही खरे पाहण्याजोगे असतात ते कुत्र्याचे मालक : आपल्या घरातल्या गमतीची दखल घ्यायला कोणी इतक्या लांबून आले याचा त्यांच्या चेहऱ्यावरील आनंद.

यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : कौतुक. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, नवलाची वस्तू. मराठीत येता येता त्या कुतूहलात माया मिसळली. आज 'कौतुक' म्हटले की जिज्ञासा, प्रेम आणि प्रशंसा या तिन्ही गोष्टी एकदम मनात येतात, आणि त्यांतली कोणतीही एक वेगळी काढली तर शब्द उरत नाही. आश्चर्य वस्तूचे वाटते. कौतुक माणसाचे करतात. आश्चर्य आपोआप होते. कौतुक करावे लागते, म्हणजे ती एक कृती आहे आणि म्हणून नीतीच्या कक्षेत येते. 'फाजील कौतुक' असाही प्रयोग भाषेने राखून ठेवला आहे, त्याअर्थी कौतुकाला योग्यायोग्यतेची मर्यादा आहे हेही भाषा जाणते.

पण या शब्दात एक अडचण दडलेली आहे. कौतुक हे मराठीत सहसा वरून खाली वाहते. आजी नातवाचे कौतुक करते, सासू नव्या सुनेचे, गुरुजी विद्यार्थ्याचे. मामलेदाराचे कौतुक शिपायाने केले तर तो उद्धटपणा ठरेल. तेव्हा लॉस एंजलिसचा प्रसिद्ध निवेदक खेड्यातल्या शेतकऱ्याचे कौतुक करू लागला की त्यातही तीच उतरंड नसते काय? शहरी माणसाने ग्रामीण जीवनाचे कोडकौतुक करावे आणि संध्याकाळी मोटारीत बसून परत जावे, हा प्रकार महाराष्ट्रातील वाचकांना चांगला परिचित आहे. हाउझर यांच्या बाबतीत हा धोका होताच. तो बऱ्याच अंशी टळला, याचे कारण त्यांनी आपल्यासाठी निवडलेली भूमिका. ते जाणकार म्हणून शाबासकी देत नाहीत. ज्याला काहीच माहीत नाही असा पाहुणा म्हणून विचारतात. त्यामुळे ज्ञानाच्या उतरंडीत समोरचा माणूस तेवढ्यापुरता वर जातो. हे अज्ञान काही प्रमाणात वठवलेले होते, हे उघड आहे. राजकारण्याच्या कार्यालयात आणि न्यूयॉर्कच्या वाहिनीवर काम केलेला माणूस इतका भोळा असणे संभवत नाही. परंतु शिष्टाचारही वठवलेलेच असतात. पाहुण्याने पोट भरलेले असतानाही जेवणाची स्तुती केली, तर त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

हत्तिणीचा भाग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सर्कशीतून निवृत्त झालेला एक वृद्ध माहूत आणि त्याने सांभाळलेली, पुढे सॅन डिएगो येथील वन्यप्राणी उद्यानात ठेवलेली नीटा नावाची हत्तीण, यांची अनेक वर्षांनी भेट होते. ती त्याला ओळखेल की नाही, कोणालाच ठाऊक नाही. म्हातारा हाक मारतो आणि हत्तीण त्याच्याकडे चालत येते. त्याने शिकवलेले जुने खेळ तिला अजून आठवत असतात. कॅमेरा एकच असल्यामुळे जे घडले ते एकदाच घडले, त्याच लांबीत घडले. हाउझर यांचे बोलणे या वेळी थांबते असे नाही. त्यांना गप्प राहणे कधीच फारसे जमले नाही. पण या प्रसंगी त्यांचे बोलणे कोणी ऐकत नाही. त्या दोघांच्या मधून बाजूला कसे व्हावे एवढे मात्र त्यांना कळते. ज्यांनी हा भाग लहानपणी पाहिला त्यांना हाउझर यांचे एकही वाक्य आठवत नसले, तरी म्हाताऱ्याचा हात आणि सोंड आठवते. निवेदकाची याहून मोठी स्तुती ती कोणती?

हे सारे कोणत्या काळात चालले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. एप्रिल १९९२ च्या अखेरीस लॉस एंजलिस पेटले. एका कृष्णवर्णीय नागरिकाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले, आणि त्यानंतरच्या दंगलीत पन्नासांहून अधिक माणसे मेली. १९९४ च्या जानेवारीत नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यातील मतदारांनी परवान्याविना आलेल्या स्थलांतरितांना शाळा आणि दवाखाने नाकारणारा प्रस्ताव बहुमताने संमत केला. तो पुढे न्यायालयात टिकला नाही. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता अशा त्या दशकात एक माणूस दर आठवड्याला कोणाच्या तरी दारात उभा राहून विचारीत होता, तुम्ही काय करता? मेक्सिकन पाव भाजणारा असो, जपानी माळी असो, पोर्तुगीज कोळी असो, त्याच्या उच्चारांची क्षमा मागितली जात नव्हती आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून गौरवही होत नव्हता. त्याच्या भट्टीचे तापमान विचारले जात होते. हाउझर यांनी दंगलीवर भाष्य केल्याने जे साधले नसते ते या पावभट्टीने साधले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्या समाजात माणसे एकमेकांना ओळखत नाहीत तेथे न्यायाच्या गोष्टी निव्वळ अमूर्त राहतात, हेही तितकेच खरे.

येथवर हाउझर यांची बाजू मांडता येते. यापुढे ती अवघड होते. त्यांच्या मालिकेच्या नावातच सोने आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या इतिहासात या शब्दाइतका रक्ताळलेला शब्द दुसरा नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटर याच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोने सापडले. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत तेथील मूळ रहिवाशांची संख्या, इतिहासकारांच्या सर्वमान्य अंदाजानुसार, दीड लाखांवरून तीस हजारांच्या आसपास आली. रोगराई आणि उपासमार ही कारणे होतीच. पण राज्याच्या तिजोरीतून खर्च भागवलेल्या सशस्त्र मोहिमाही होत्या. २०१९ साली राज्याच्या गव्हर्नरने त्याबद्दल मूळ रहिवाशांची जाहीर क्षमा मागितली आणि त्या घटनांना वंशसंहार हाच शब्द वापरला. त्याही आधी, १७६९ ते १८२३ या काळात, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी किनाऱ्यालगत एकवीस मिशने उभारली. त्यांच्या सुंदर कमानी आणि मातीच्या विटांच्या भिंती ज्यांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या, त्यांना तेथून निघून जाण्याचे स्वातंत्र्य नव्हते. हाउझर यांनी या मिशनांवर स्वतंत्र मालिका केली. मिशनच्या आवारात मायक्रोफोन घेऊन उभा राहिलेला निवेदक तेथल्या बागेचे, घंटेचे, जीर्णोद्धार करणाऱ्या स्वयंसेवकांचे कौतुक करतो. ते स्वयंसेवक कौतुकास पात्र आहेतच. पण भिंतीच्या आत पुरलेल्यांचे काय?

हा दोष निव्वळ दुर्लक्षाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. तो पद्धतीतच आहे. कौतुकाला समोर जिवंत माणूस लागतो. मायक्रोफोन ज्याच्या तोंडाशी धरायचा, त्याला तोंड असावे लागते. जो उपस्थित आहे, ज्याच्याजवळ दाखवायला काही आहे, ज्याला बोलताना आनंद होतो आहे, त्याच्याविषयी हाउझर यांचे लक्ष अमर्याद उदार आहे. आणि ज्याला बोलता येऊ नये अशी व्यवस्था इतिहासाने केली आहे, त्याच्यापर्यंत ते लक्ष पोचतच नाही. न्यायाची वृत्ती नेमकी याच्या उलट असते. न्याय उपस्थितांवर काहीसा अविश्वास दाखवतो आणि अनुपस्थितांची चौकशी करतो. म्हणून न्यायाधीशाला समोरच्या माणसाचे कौतुक करण्याची मनाई असते, आणि म्हणूनच न्यायाधीशाच्या घरी आपण होऊन गप्पा मारायला कोणी जात नाही. एकाच माणसात या दोन्ही वृत्ती पूर्णत्वाने नांदतील अशी अपेक्षा धरणे कदाचित अवास्तव आहे. मात्र एकीने दुसरीची जागा घेतल्याचे सोंग आणू नये, एवढे म्हणता येते.

हाउझर यांनीही ही सीमा एका ठिकाणी ओलांडली, आणि कशी ओलांडली हे बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक होते. सिएरा पर्वताच्या पूर्वेकडील उजाड खोऱ्यातील मांझनार ही त्यांपैकी एक छावणी. तेथे एका वेळी दहा हजारांहून अधिक माणसे होती. या छावणीत असताना जिने आपल्या गाण्याने सहबंदिवानांचे मन रमवले, आणि जिला 'मांझनारची गाणारी चिमणी' अशा अर्थाच्या नावाने ओळखले गेले, तिच्यावर हाउझर यांनी एक भाग केला. येथे त्यांची नेहमीची रीत जराही बदललेली नाही. तेच कुतूहल, तेच विस्फारलेले डोळे. परंतु समोर जी उभी आहे तिने ते कुंपण आतून पाहिलेले आहे. त्यामुळे कौतुकाच्या वाटेनेच अन्याय पडद्यावर येतो, कोणी आरोपपत्र वाचण्याची गरज राहत नाही. पद्धत बदलली नाही, साक्षीदार जिवंत होती एवढाच फरक. कोलोमाच्या साक्षीदारांना जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता.

आणखी एका बाबतीत हे नाते एकतर्फी होते. ज्याने हजारो माणसांना त्यांच्या आयुष्याविषयी विचारले, त्याने स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगितले नाही. कर्करोगाशी चाललेला झगडा त्यांनी प्रेक्षकांपासून लपवून ठेवला. २०१२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या निवृत्तीची वार्ता आली ती कोणताही निरोपसमारंभ न होता. पुढे दोन महिन्यांच्या आत मृत्यूचीच बातमी. लोकांना आपण फसवले गेलो असे वाटले नाही. आपल्याला निरोप घेता आला नाही असे मात्र वाटले. त्याच जानेवारीत ग्रिफिथ वेधशाळेच्या टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ मोठा जनसमुदाय जमला. ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याच्यासाठी रडणे ही दूरचित्रवाणीने निर्माण केलेली भ्रामक जवळीक आहे, असे एक मत आहे, आणि नटनट्यांच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण या गर्दीतील पुष्कळांच्या आठवणी हाउझर यांच्याविषयीच्या नव्हत्याच. वडिलांनी एका रविवारी गाडी काढून कोठे नेले, कोणत्या आडगावच्या उपाहारगृहात सगळे जेवले, आजीने पडद्यावर आपली जुनी गल्ली पाहून काय म्हटले, असल्या त्या आठवणी होत्या. निवेदक त्यांच्या कडेला उभा होता, हत्तिणीच्या त्या प्रसंगातल्यासारखाच.

मृत्यूपूर्वीच हाउझर यांनी आपल्या सर्व कार्यक्रमांचा संग्रह ऑरेंज येथील चॅपमन विद्यापीठाला देऊन टाकला. नेवाडाच्या वाटेवरील मोहावी वाळवंटात, एका मृत ज्वालामुखीच्या शंकूवर बांधलेले त्यांचे चमत्कारिक गोल घरही त्यांनी त्याच विद्यापीठाला दिले. घराचे पुढे काय होते हे तितके महत्त्वाचे नाही. संग्रह मात्र विद्यापीठाने संगणकीय रूपात आणून सर्वांना विनामूल्य खुला केला, आणि तेथे एक अनपेक्षित गोष्ट घडते आहे. या चित्रफितींत बोलणाऱ्यांपैकी अनेक माणसे आता हयात नाहीत. ती दुकाने बंद झाली, त्या फळबागांवर वसाहती उठल्या, ते यंत्र चालवणारा शेवटचा कारागीर गेला. ज्या पद्धतीला मृतांचे बोलणे ऐकू येत नव्हते, तिच्याजवळ आता बहुतांशी मृतांचेच बोलणे साठले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात पगार किती होता, संप झाला होता का, जमीन कोणाची होती, हे सापडत नाही, कारण हाउझर यांनी ते विचारले नव्हते. त्याला हत्याराची मूठ कशी धरायची ते सापडते, बोलण्याचा हेल सापडतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे वळून पाहताना एखाद्या कामगाराच्या चेहऱ्यावर आलेले हसू सापडते.

छायाचित्रक फुएर्टे यांनी २०१७ साली आपल्या सहप्रवासाच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला नाव त्या नेहमीच्या हाकेचेच दिले आहे. चित्रफितींत फुएर्टे स्वतः सहसा दिसत नाहीत. हाउझर कॅमेऱ्याकडे पाहून त्यांना बोलावतात, आणि चौकट किंचित हलते, डावीकडे सरकते, जे दाखवायचे त्याच्यावर येऊन स्थिरावते.